पांढरीची काळी, काळीची पांढरी : यातेंगाच्या खड्ड्यांचं प्रकरण

आपल्याकडे गावच्या जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानले जातात. पिकते ती काळी आणि वस्ती बसते ती पांढरी. पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासोच्या उत्तरेला यातेंगा नावाचा मुलूख आहे. तिथल्या मोसी लोकांच्या मूरे भाषेत 'झिपेल्ले' हा शब्द आहे आणि त्याचाही अर्थ पांढरी जागा असाच होतो. फक्त ही पांढरी वस्तीची नाही. वरची माती धुपून गेलेली, उन्हाने पपडी धरलेली, पावसाळ्यातही गवताची काडी न उगवणारी जमीन म्हणजे झिपेल्ले.

याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने अशा पांढरीची काळी केली. ती काळी झाली तेव्हा शेजारच्या शहराने तिची पुन्हा पांढरी करायला घेतली, या वेळी आपल्या अर्थाची. त्याचं नाव जगभर 'वाळवंट थोपवणारा माणूस' म्हणून गाजलं. पाणलोटाच्या कामात थोडीफार वर्षं काढलेल्या माणसाला मात्र ही एकट्या माणसाची गोष्ट वाटत नाही. तिच्यात लोहार आहे, गुराखी आहे, सहा डॉलरची नळी आहे, दगड वाहणारा ट्रक आहे आणि शेवटी सातबाऱ्याचा प्रश्न आहे. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून मांडतो.

मुलूख आणि दुष्काळ

यातेंगाचं मुख्य ठाणं वाहिगुया. राजधानी वागादुगूपासून वायव्येला साधारण १८० किलोमीटरवर. १७५७ साली नाबा कांगो या मोसी राजाने हे शहर वसवलं, म्हणजे आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांचा काळ. भोवताली सपाट वाटणारी, पण खरं तर मंद उताराची जमीन. माथ्यावर जांभा, उतारावर मुरूम, तळाला थोडी भारी माती. पाऊस जून ते सप्टेंबर, उरलेले आठ महिने कोरडे. त्या कोरड्या दिवसांत सहारावरून हरमाटन नावाचा वारा धूळ घेऊन येतो.

पिकं आपल्या ओळखीची आहेत : ज्वारी, बाजरी, चवळी, भुईमूग. ज्वारी तर मूळची आफ्रिकेचीच. तिथून ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि आपण तिला इतकं आपलंसं केलं की भाकरी हीच आपली ओळख झाली. यातेंगात ज्वारीच्या पिठाची भाकरी थापत नाहीत. पीठ उकळत्या पाण्यात घोटून घट्ट गोळा करतात आणि बाओबाबच्या पाल्याच्या किंवा भेंडीच्या बुळबुळीत कालवणात बुडवून खातात.

माणसं दाट आणि जमीन तेवढीच. पूर्वी शेत काही वर्षं पिकवून काही वर्षं पडीक टाकायची रीत होती. तोंडं वाढली तशी ती रीत मोडली. जमिनीला विसावा मिळेना. त्यात १९६८ पासून पावसाने तोंड फिरवलं. १९५०च्या दशकात सातशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस वाईट वर्षांत पाचशेच्याही खाली गेला. १९६८ ते १९७३ हा पहिला झटका, १९८३-८४चा दुसरा.

कमी पावसापेक्षाही जमीन पाणी घेईनाशी झाली, हे दुखणं मोठं होतं. तिथला पहिला पाऊस आपल्या वळवासारखा येतो, विजा-वारा घेऊन. उघड्या मातीवर टपोरे थेंब आपटले की ढेकळं फुटतात, बारीक गाळ फटींत जाऊन बसतो आणि ऊन पडलं की वर पपडी धरते. पुढच्या पावसाला आत शिरायला वाटच राहत नाही. वरून लोंढा वाहतोय आणि खाली वीतभर खोल माती कोरडीठाक, असा प्रकार. १९७५ ते १९८५ या दहा वर्षांत काही गावांतून पाव हिस्सा कुटुंबं उठून गेली. कुणी दक्षिणेला चांगल्या पावसाच्या मुलखात, कुणी शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये कोकोच्या मळ्यांवर मजुरीला. विहिरींचं पाणी वर्षाला अर्धा ते एक मीटर खाली जात होतं.

आधी यंत्रं आली

हे सगळं अचानक कळलं असं नाही. १९६२ ते १९६५ या काळात, देश नुकताच स्वतंत्र झालेला आणि अजून अप्पर व्होल्टा या नावाने ओळखला जाणारा, तेव्हा युरोपीय पैशावर 'जेरेस' नावाचा प्रकल्प यातेंगात राबवला गेला. मोठमोठी यंत्रं उतरली आणि त्यांनी सुमारे १,२०,००० हेक्टरवर समतल रेषेत मातीचे बांध घातले. शास्त्र चुकीचं नव्हतं. पण ज्याच्या शेतातून बांध जाणार त्याला कुणी विचारलं नव्हतं. माथ्यावरचं सगळं पाणी बांधाने अडवून बाजूला वळवलं, त्यामुळे खालच्या शेतकऱ्याला वाटलं की आपल्या वाट्याचा पाऊसच चोरीला गेला. बांध खचले, गुरांनी तुडवले, काही जाणूनबुजून फोडले गेले. दुरुस्तीला कुणी कुदळ उचलली नाही, कारण बांध सरकारचा.

हे वाचताना मला हसू आलं नाही. आमच्या भागात एका गावाच्या माळावर जेसीबीने तीन दिवसांत घातलेले बांध पहिल्या मोठ्या पावसात वाहून गेलेले मी पाहिलेत. गावातल्या म्हाताऱ्याने आधीच सांगितलं होतं की पाणी इकडून येतं, तिकडून नाही. त्याचं ऐकायला साहेबाच्या गाडीत जागा नव्हती.

सहा डॉलरची नळी

१९७९ साली ऑक्सफॅम या संस्थेने यातेंगात एक छोटा प्रकल्प सुरू केला. उद्देश होता झाडं लावणं. शेतकऱ्यांशी बोलणं झालं तेव्हा कळलं की लोकांना आधी ज्वारी हवी आहे, झाडाचं नंतर बघू. प्रकल्पवाल्यांचं मोठेपण एवढंच की त्यांनी ते ऐकलं.

शेतात दगडांच्या ओळी लावायची रीत यातेंगात जुनीच होती. अडचण अशी की उतार इतका मंद, की डोळ्याला समतल रेषा कळत नाही. ओळ जराशी तिरकी गेली की पाणी एका टोकाला जमतं आणि तिथून फोडून निघतं. यावर तोडगा निघाला तो पारदर्शक नळीचा. दहा-वीस मीटरची नळी, तिची दोन टोकं दोन काठ्यांना बांधलेली, काठ्यांवर खुणा, नळीत पाणी. एक जण काठी धरून उभा राहतो, दुसरा पुढे चालतो आणि दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर येईपर्यंत वर-खाली सरकत राहतो. पाणी जुळलं की तिथे कुदळीने खूण करायची आणि पुढे निघायचं. श्रमदानाला गेलेल्यांना हे लगेच ओळखू येईल, आपल्याकडे याच यंत्राला हायड्रोमार्कर म्हणतात. खर्च सहा डॉलरच्या आसपास. लिहिता-वाचता न येणारा माणूसही एक-दोन दिवसांत शिकतो.

खुणांवरून उथळ चर काढून जांभ्याचे धोंडे रचले, की गुडघ्याच्याही खाली राहणारी दगडी ओळ तयार होते. मातीच्या बांधाहून ती वेगळी वागते. पाणी तिच्यापाशी थबकतं, पसरतं, गाळ आणि पालापाचोळा मागे ठेवून दगडांच्या फटींतून हळूच पुढे जातं. त्यामुळे ओळ फुटत नाही आणि खालच्या शेतकऱ्याची तक्रारही राहत नाही. १९८९ अखेर ४०० हून अधिक गावांत मिळून साधारण ८,००० हेक्टरवर अशा ओळी झाल्या होत्या. जेरेसच्या आकड्यापुढे हा आकडा किरकोळ, पण या ओळी जागेवर राहिल्या.

राहिल्या त्याला आणखी एक कारण आहे. मोसी समाजात तरुणांनी एकत्र येऊन पेरणी-कापणी करण्याची 'कोम्बी-नाम' नावाची जुनी पद्धत होती, आपल्या इर्जिकीसारखी. बेर्नार लेदेआ वेद्रावगो या यातेंगाच्याच शिक्षकाने १९६७ पासून तिच्याच पायावर 'नाम' गट उभे केले. गावागावात माणसं एकत्र काम करायला आधीच तयार होती. दगड वेचायला पन्नास माणसं हवीत म्हटलं की पन्नास येत. वेद्रावगो यांना १९९० मध्ये 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार याच छोट्या मुलखात पुढे दुसऱ्यांदा येणार होता.

खड्डा

याकुबा सावादोगोचा जन्म १९४६च्या सुमाराचा, गाव वाहिगुयाजवळचं गुर्गा. लहानपणी घरच्यांनी त्याला मालीतल्या कुराणशाळेत पाठवलं. परत आल्यावर त्याने वाहिगुयाच्या बाजारात दुकान थाटलं आणि ते बरं चाललं. पण १९८०च्या सुमारास, लोक शेती सोडून बाजाराची वाट धरत असताना, हा उलट बाजार सोडून पडीक जमिनीवर आला.

त्याने जे केलं त्याला तिथे 'झाई' म्हणतात. हाही शोध कोरा नव्हता. शेतातल्या एखाद्या कडक चकत्यावर लहान खड्डे पाडून पेरायची रीत जुन्या लोकांना ठाऊक होती, पण ते तुकड्या-तुकड्यापुरतं. सावादोगोने खड्डा मोठा केला, खोल केला, त्यात खत घातलं आणि काम पावसाळ्याऐवजी ऐन उन्हाळ्यात केलं. लोक त्याला वेडा म्हणाले, कारण कोरड्या दिवसांत जमिनीला हात लावणं तिथल्या रिवाजात बसत नव्हतं.

एक खड्डा जवळून पाहू. वीत-सव्वा वीत रुंद, दहा ते वीस सेंटिमीटर खोल. निघालेली माती उताराच्या बाजूला चंद्रकोरीसारखी रचायची, म्हणजे वरून येणारं पाणी आत अडेल. हाताहाताच्या अंतरावर, आधीच्या रांगेच्या खाचेत येईल असा पुढचा खड्डा. एका हेक्टरात असे दहा ते पंधरा हजार. ते तसेच उघडे ठेवले की हरमाटन त्यांत धूळ, सुकी पानं, काडीकचरा आणून टाकतो. मग दोन ओंजळी शेणखत किंवा कंपोस्ट. पहिला पाऊस पडला, किंवा पडण्याच्या बेतात असला, की ज्वारीचे आठ-दहा दाणे टोकायचे.

यानंतरचं काम वाळवी करते. आपल्याकडे वाळवी म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, पण झाईचं अर्धं श्रेय तिचंच आहे. खतातल्या काडीकचऱ्याच्या वासाने ती खड्ड्याखाली येते आणि कडक थरातून बारीक बोगदे पाडत जाते. पपडीने जी वाट बंद केली होती ती वाळवी खालून उघडते. पाऊस आला की खड्ड्यात साचलेलं पाणी त्या बोगद्यांतून खोल उतरतं आणि ज्वारीची मुळं त्याच वाटेने त्याच्यामागे जातात. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवस पावसाने दडी मारली तरी खड्ड्यातलं रोप तग धरतं, शेजारच्या सपाट शेतातलं करपतं.

आकडे सांगायचे तर, झिपेल्लेवर आधी हेक्टरी उत्पन्न जवळपास शून्य. झाई केल्यावर वाईट पावसातही तीन-चारशे किलो आणि चांगल्या वर्षी दीड हजार किलोपर्यंत. दीड हजार ऐकून आपल्याकडचा बागायतदार नाक मुरडेल, पण जिथे गवत उगवत नव्हतं तिथला हा हिशेब आहे.

खड्ड्यामागची माणसं

याकुबाच्या गोष्टीत हमखास गाळलं जातं ते हे. खड्डा खणायला अवजार लागतं. यातेंगातली आखूड दांड्याची कुदळ, तिला तिथे 'दाबा' म्हणतात, ती गावचा लोहार करतो. मोसी समाजात लोहारांची वेगळी जात आहे, रोटी-बेटी आपल्याआपल्यात. लोहारांच्या बायका कुंभारकाम करतात : पाण्याचे रांजण, स्वयंपाकाची मडकी, ज्वारीची 'दोलो' ही दारू गाळायचे मोठे घट. यातेंगाचे ते उंच फळीचे लाकडी मुखवटे, जे आज युरोपातल्या संग्रहालयांत काचेमागे दिसतात, तेही लोहारांनीच कोरलेले. बलुतेदारी पाहिलेल्या माणसाला हे चित्र परकं वाटणार नाही. फक्त आपल्याकडे लोहार, कुंभार, सुतार असे तीन उंबरे होते, तिथे एकाच घरात भट्टी, चाकाविना घडवलेली मडकी आणि मुखवटे.

हे लोहार एकेकाळी लोखंड स्वतः वितळवत. त्याच उत्तर भागातल्या किंदिबो इथे मातीच्या उंच भट्ट्या अजून उभ्या आहेत. २०१९ मध्ये युनेस्कोने बुर्किना फासोतल्या अशा पाच जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यातली ही एक. पाचांपैकी दुरुलाचा पुरावा तर इसवी सनापूर्वी आठव्या शतकापर्यंत मागे जातो. भट्टीला कोळसा लागे, कोळशाला झाड. म्हणजे ज्या हातांनी शतकानुशतकं रान जाळलं, त्याच हातांच्या कुदळींनी ते परत आणलं, असंही म्हणता येईल. वसाहतीच्या काळात बाहेरचं स्वस्त लोखंड आलं आणि भट्ट्या विझल्या. आज लोहार गाड्यांचे मोडके पाटे तापवून दाब्याची पाती ठोकतो. झाईने त्याच्या ऐरणीला काम दिलं, कारण मुरमाड जमिनीवर हजारो खड्डे खणायचे तर पातं झिजणारच.

दुसरा माणूस फुलानी गुराखी. हेक्टरला तीन टन खत म्हणजे ओंजळी-ओंजळीने तीन टन. एवढं शेण एकट्या शेतकऱ्याच्या दोन बकऱ्यांचं कुठून येणार? मोसी शेतकरी आपली गुरं फुलान्यांकडे राखायला देत आणि कापणीनंतर त्यांचे कळप शेतात कडबा खायला बसत, जसे आपल्याकडे धनगर पैसे किंवा धान्य घेऊन शेतात मेंढरं बसवतात. पण झाई वाढली तसा या नात्यात ताण आला. झिपेल्ले शेतकऱ्याच्या लेखी मेलेली जमीन होती, गुराख्याच्या लेखी ती जायची-यायची वाट होती. तिथे ज्वारी उभी राहिल्यावर वाट बंद झाली. शिवाय खताची किंमत कळल्यावर शेतकऱ्यांनी गुरं घरी बांधायला सुरुवात केली. एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्याला कसा चिकटलेला असतो, ते इथे दिसतं.

तिसरा हिशेब घामाचा. एक हेक्टर झाईला साधारण ३०० तास खोदकाम. रोज चार तास धरले तर अडीच महिने, तेही भर उन्हाळ्यात. मी मे महिन्यात मुरमाड माळावर चर खणले आहेत, दोन तासांत तळहाताला फोड येतात आणि तिसऱ्या तासाला माणूस गप्प होतो. म्हणून घरात धडधाकट हात असलेल्यांची झाई आधी झाली आणि विधवा, म्हातारे, ज्यांची मुलं आयव्हरी कोस्टला गेली ते मागे राहिले. दगडी ओळींचंही तसंच, हेक्टरला तीस-पन्नास टन धोंडे. जवळचे दगड संपले की ट्रक लागतो, आणि प्रकल्प संपला की ट्रक जातो.

खतातून आलेलं रान

झाडं सावादोगोने आधी ठरवून लावली नव्हती. शेणखतातून बिया आल्या. बकरीच्या पोटातून गेलेली बी कठीण कवच सैल होऊन लवकर रुजते, आणि खड्ड्यात तिला ज्वारीइतकंच पाणी-खत मिळालं. खुरपणीच्या वेळी इतर शेतकरी ही रोपं उपटत, त्याने ती राखली. पुढे मुद्दाम बिया आणून खड्ड्यांत टाकल्या. शिया, नेरे, बाओबाब, बाभळीच्या जातीची झाडं आली. त्यात एक झाड फार गमतीचं, त्याचं शास्त्रीय नाव फैदरबिया. ते पावसाळ्यात पानं गाळतं आणि उन्हाळ्यात हिरवं होतं. म्हणजे पिकाच्या दिवसांत सावली करत नाही, आणि चारा संपलेला असतो तेव्हा त्याच्या शेंगा गुरांच्या तोंडी लागतात.

यातल्या बऱ्याच झाडांशी बायांचं हातकाम जोडलेलं आहे. शियाच्या बिया उकडून, कुटून, पाण्यात हातांनी फेटून लोणी काढायचं, ते खायलाही आणि अंगाला लावायलाही. नेरेच्या बिया शिजवून, आंबवून, वड्या करून 'सुंबाला' करायचा. उग्र वासाचा हा मसाला कालवणात पडला नाही तर तिथे जेवणाला चव नाही. रान परतलं म्हणजे बायांच्या हातात चार पैसे परतले. मात्र कुणाच्या झाडाची बी कुणी वेचायची, हे भांडणही त्याच्याबरोबर आलं.

साठहून अधिक जातींचं रान उभं राहिलं. मध्ये कुणीतरी त्याच्या झाडांना आगही लावली. त्याने पुन्हा सुरुवात केली.

शिकवण्याची त्याची तऱ्हा बाजाराची होती, शेवटी माणूस दुकानदार. १९८४ पासून तो वर्षातून दोनदा गुर्ग्यात झाईचा बाजार भरवू लागला. शंभराहून अधिक गावांचे शेतकरी येत, आपापलं बियाणं आणत, देवाणघेवाण करत आणि एकमेकांच्या खड्ड्यांच्या चुका काढत. १९९२ मध्ये उसेनी झोरोमे या दुसऱ्या शेतकऱ्याने मुद्दाम रस्त्याकडेच्या खडकाळ तुकड्यावर झाईची शाळा काढली. जाणाऱ्या-येणाऱ्याला पीक दिसावं, हाच हेतू. २००१ पर्यंत अशा वीसहून अधिक शाळा झाल्या.

शेजारच्या नायजर देशातून १९८९ मध्ये इलेला भागातले तेरा शेतकरी यातेंगात येऊन खड्डे पाहून गेले. घरी जाऊन त्यांनी केले. पुढच्या वर्षी तिकडे दुष्काळ पडला आणि खड्ड्यांतच धान्य दिसलं. त्यानंतर तिकडे काही वर्षांतच लोक पडीक जमीन विकत घ्यायला लागले आणि तिचे भाव चढले. बुर्किना फासोच्या मध्यपठारावर झाई आणि दगडी ओळींनी मिळून दोन ते तीन लाख हेक्टर सुधारलं गेल्याचा अंदाज आहे. काही गावांत विहिरींचं पाणी पाच मीटर आणि त्याहूनही वर आलं.

प्लॉटिंग

पडीक जमिनीचे भाव चढले, हे वाक्य वाचून आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात पाल चुकचुकली असेल. बरोबरच आहे.

मोसी रिवाजात जमीन कुणाच्या खासगी मालकीची नसते. वंशाचा, गावच्या भूमीप्रमुखाचा तिच्यावर अधिकार, कसणाऱ्याला कसण्याचा हक्क. शिवाय झाड लावणं म्हणजे जमिनीवर हक्क सांगणं, असं मानलं जातं. त्यामुळे मागून घेतलेल्या तुकड्यावर झाड लावायला लोक कचरतात आणि देणाराही लावू देत नाही. १९८४ मध्ये थोमा सांकारांच्या क्रांतिकारी सरकारने कायदा करून देशातली सगळी जमीन राज्याची ठरवली. याच सांकारांनी हातमागावर विणलेलं 'फासो दान फानी' सरकारी नोकरांच्या अंगावर चढवलं आणि विणकरांना गिऱ्हाईक मिळवून दिलं. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण कागदावर राज्याची आणि जागेवर रिवाजाची, अशी दुहेरी मालकी तेव्हापासून मागे लागली. ग्रामीण जमिनीच्या ताब्याचा दाखला देण्याची सोय थेट २००९च्या कायद्यात आली.

वाहिगुया वाढत गेलं आणि गुर्गा शहराच्या कडेला आलं. २००८च्या आसपास शहराच्या वाढीची आखणी सावादोगोच्या जमिनीवर येऊन पोहोचली. आपल्या भाषेत ले-आउट पडला. त्या योजनेत त्याला आणि घरच्यांना माणशी एक दशांश एकराचा, म्हणजे चार गुंठ्यांचा तुकडा मिळणार होता. तीस वर्षं वाढवलेल्या रानाची वेगळी भरपाई नव्हती. रानाच्या भागांत घरं उभी राहिली. रान वाचवायचं तर जमीन विकत घ्यावी लागणार होती, आणि ती रक्कम त्याच्या आवाक्यातली नव्हती. भाव वाढला होता त्याचं एक कारण ती आता झिपेल्ले राहिली नव्हती, हेच होतं. स्वतःच्या घामाने चढवलेला भाव स्वतःच मोजायचा.

त्याला २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' म्हणून गौरवलं. जगातून माणसं रान पाहायला येत. पुरस्काराच्या वजनाने राखण व्हायला मदत होते हे खरं, पण ती राखण माणसाच्या नावावर चालते. ३ डिसेंबर २०२३ रोजी सावादोगो वारला.

माझ्या मते जमिनीची नोंद झाईच्या पहिल्या हंगामातच व्हायला हवी होती, जमीन कवडीमोल असताना. तेव्हा नोंदीला कुणाची हरकत आली नसती. एकदा झाडं उभी राहिली की तुकड्यावर वंशाचा, गावाचा, शहराचा, राज्याचा, सगळ्यांचा हात पडतो. पाणलोटाच्या कुठल्याही अहवालात 'किती हेक्टर उपचारित' हा रकाना असतो, 'कुणाच्या नावावर' हा नसतो. आपल्याकडच्या अहवालांतही मी तो फारसा पाहिलेला नाही. मोजणीवाला शेवटी येतो, तोपर्यंत भांडण सुरू झालेलं असतं.

दरम्यान मुलखावर आणखी एक संकट आलं. २०१५ नंतर जिहादी गटांचा हिंसाचार उत्तरेकडून पसरला. मार्च २०२३ पर्यंत देशात २० लाखांहून अधिक माणसं घरदार सोडून विस्थापित झाली होती, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या भागांत हा उत्तर भागही आहे. खेड्यातली माणसं वाहिगुयाच्या आसऱ्याला आली, म्हणजे शहरावरचा जागेचा ताण आणखी वाढला. गावाकडच्या शेतात जाणं जिवावरचं झालं.

झाईचा खड्डा कायमचा नसतो. दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो, मग रांगांच्या मधल्या जागेत नवा काढायचा, असं करत पाच-सहा वर्षांत सगळी जमीन उलटी-पालटी होऊन मऊ होते. मध्ये कुणी आलंच नाही, तर खड्डे बुजतात, उघड्या जागेवर पहिला वळीव पडतो आणि पपडी पुन्हा धरायला लागते.